आकाशातले स्वयंवर

हलक्याफुलक्या वाङ्मयाविषयी आपल्याकडे एक शिष्टाचार रूढ आहे. ते वाचावयाचे, परंतु वाचल्याचे चारचौघांत सांगावयाचे नाही. त्यातही एखाद्या कथेत ताऱ्यांमधून हिंडणारे यान असेल, त्या यानात एक तरुण आणि एक तरुणी असेल, दोघे प्रथम क्षुल्लक कारणावरून भांडत असतील, मग एकत्र संकटात सापडत असतील आणि अखेरीस कोणत्या तरी दूरच्या ग्रहावर एकमेकांना वरत असतील, तर ती कथा सरळ पोरखेळात जमा होते. विज्ञानाचा अभिमानी म्हणतो, हीत विज्ञान नाही. साहित्याचा अभिमानी म्हणतो, हीत जीवन नाही. या दोघांपैकी एकाचेही समाधान न करता ही कथा मात्र जगभर सुखाने नांदत आली आहे. ज्या गोष्टीवर सगळे शहाणे नाराज असतात आणि जी तरीही मरत नाही, तिच्या मुळाशी मनुष्याची काही तरी खरी गरज असली पाहिजे. ती गरज कोणती, याचा शोध आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. प्रेमकथेला सर्वांत आधी जागा लागते. नायक, नायिका, खलपुरुष, चांदणे ही सामग्री नंतरची. दोन माणसांना एकमेकांशी निर्वेधपणे बोलता यावे, रुसता यावे आणि शेवटी आपल्या मनाने होकार किंवा नकार देता यावा, इतकी मोकळी जागा पृथ्वीवर मिळेनाशी झाली, की कथा आकाशाकडे पाहू लागते. आकाशातल्या प्रेमकथेचे आकर्षण यंत्रांत फारसे नाही, ते या मोकळ्या जागेत आहे. आणि म्हणूनच तिचा इतिहास हा काही अंशी आपल्या विवाहाचा इतिहास आहे.

कालिदासाला हे ठाऊक होते. 'विक्रमोर्वशीया'चा पहिला अंक आठवून पाहावा. केशी दानवाने पळविलेल्या उर्वशीला पुरूरवा आकाशगामी रथातून सोडवून आणतो. रथ खाली उतरताना हिसका बसतो, खांद्याला खांदा लागतो, आणि राजाला त्या हिसक्याचेच अप्रूप वाटते. निरोपाच्या वेळी उर्वशीचा हार वेलीत अडकतो आणि तो सोडविण्याच्या निमित्ताने मागे वळून पाहण्यास तिला सवड मिळते. पुढे स्वर्गातल्या नाट्यप्रयोगात 'पुरुषोत्तम' म्हणावयाच्या जागी तिच्या तोंडून 'पुरूरवा' निघून जाते, आणि भरतमुनींचा शाप पदरी पडतो. साहस, आकाश, शृंगार आणि विनोद हे चारही रस येथे एकत्र आले आहेत. पण वकिलाच्या नजरेला आणखी एक गोष्ट दिसते. उर्वशीचे कन्यादान करण्यासाठी येथे कोणीही बसलेले नाही. तिचा कल तीच ठरविते. पृथ्वीवरील राजकन्येला कवी इतके स्वातंत्र्य देऊ शकला नसता. अप्सरेला देऊ शकला.

पाश्चात्त्यांकडे पाहिले तर दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक लूशियन याने चंद्राची सफर लिहिली आहे. वावटळ एक गलबत उचलते, सात दिवसांनी ते चंद्रावर पोहोचते, आणि तेथे चंद्राचा राजा व सूर्याचा राजा यांच्यात युद्ध जुंपलेले असते. आपण सांगतो त्यातले अवाक्षर खरे नाही, असे लेखकाने प्रारंभीच बजावून ठेविले आहे. आकाशाची थट्टेखोर कथा ही म्हणजे कालपरवाची गोष्ट नव्हे. मात्र लूशियनच्या चंद्रावर थट्टा आहे, प्रेम नाही. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढे मराठीत तोच निर्णायक ठरला.

आम्ही गौलीगुड्यात राहणारी मराठी माणसे तीन भाषांच्या शेजारात राहतो. जवळच सुलतान बाजारात १९२२ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय, मुसी ओलांडली की उर्दूची जुनी वस्ती, आणि चहूकडे तेलुगू. त्यामुळे आकाशमार्गाने जाणारी प्रेमकथा आम्हांला तीन दारांनी भेटते. मराठीच्या दाराने येते ते अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र'. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यावयाचे ठरविले आहे, तिचे मन अर्जुनावर आहे; तेव्हा घटोत्कचाकरवी निजलेल्या सुभद्रेला उचलून अर्जुनाच्या अरण्यात आणविले जाते. १८८२ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक आजही लोकांना हसविते. तेलुगूच्या दाराने येतो १९५७ सालचा 'मायाबजार' चित्रपट. तेथेही तोच घटोत्कच निजलेल्या शशिरेखेला पलंगासकट आकाशातून अभिमन्यूकडे घेऊन जातो, आणि तिच्या जागी स्वतः वधू होऊन बसतो. उर्दूच्या दाराने येते 'तिलिस्म-इ-होशरुबा', जी लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध केली. तीत उडती तख्ते आहेत, जादूगारणी आहेत, बहुरूपी ऐयार आहेत, आणि शत्रूच्या गोटातल्या शहजादीवर मन जडलेले शहजादे आहेत. भाषा निराळ्या, धर्म निराळे, पण अडचण एकच. वडीलधाऱ्यांचा बेत एक आहे आणि मुलीचे मन दुसरीकडे आहे. जमिनीवरच्या सगळ्या वाटा वडीलधाऱ्यांच्या ताब्यात असल्याने सुटका वरच्या वाटेनेच व्हावयाची.

आता मराठी कादंबरीकडे वळू. तिचा आरंभकाळ 'अद्भुतरम्य' या एका शब्दाखाली झाकून टाकण्याची आपल्याला सवय आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. ताटातुटी, भुयारे, योगायोग, चमत्कार यांची त्यांत रेलचेल आहे, आणि पुढील समीक्षकांनी त्याबद्दल त्यांना पुरेसे झोडपले आहे. परंतु रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत जे कारण दिले आहे, ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्याचा आशय असा, की आपल्या लग्नाच्या चालीमुळे आणि इतर काही कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मन रमविणारे असे काही घडतच नाही. रोजच्या अनुभवाचेच लिहावे तर त्यात गोडी येणार नाही. म्हणून करमणुकीचे पुस्तक लिहावयाचे तर अद्भुताची कास धरणे भाग आहे. आळशी लेखकाची सबब म्हणून हे वाक्य आजवर वाचले गेले. मला ती एका प्रामाणिक साक्षीदाराची जबानी वाटते.

त्या काळची वस्तुस्थिती पाहा. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होत असे. स्वतःचे मन म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच त्याचा निकाल लागलेला असे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. सासरी नांदावयास यावे म्हणून पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. पण अपिलानंतर १८८७ साली, नांदावयास जा नाही तर सहा महिन्यांची कैद भोग, असा हुकूम झाला. कैद पत्करीन पण जाणार नाही, अशी भूमिका त्या बाईने घेतली, आणि १८८८ साली तडजोड होऊन प्रकरण मिटले. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. एका स्त्रीने आपल्या विवाहाविषयी 'नाही' म्हणणे ही घटना तेव्हा एवढी नवलाची होती, की हिंदुस्थानापासून इंग्लंडपर्यंतची वर्तमानपत्रे तिने भरून गेली. अशा समाजात १८६८ साली एखाद्या लेखकाने शेजारच्या वाड्यातली स्वेच्छेची प्रेमकथा लिहिली असती, तर वास्तव म्हणून लिहिलेली तीच कथा खोटी ठरली असती. अद्भुत लिहिणारा रिसबूड त्या अर्थाने अधिक खरा होता.

पुढे हरिभाऊ आपटे आले आणि त्यांनी कादंबरीला जमिनीवर उतरविले. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, आणि करमणुकीसाठी अद्भुताकडे धाव घेण्याऐवजी बालविधवेच्या दुःखाकडे डोळे उघडून पाहण्यास तिने मराठी वाचकाला शिकविले. हा उपकार मोठा आहे. मात्र ज्या साप्ताहिकातून ही कादंबरी येत होती, त्याचे नाव हरिभाऊंनी 'करमणूक' असेच ठेविले होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. मन रमविणे ही लाजेची गोष्ट आहे असे त्या थोर वास्तववाद्याला वाटत नव्हते.

हळूहळू कायदाही हलला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा होताच. संमतिवयाचा १८९१ साली आला, शारदा कायदा १९२९ साली झाला, विशेष विवाह कायदा १९५४ साली आणि हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला. शाळा-कॉलेजे निघाली. आमच्या हैदराबादेतही १९०७ साली विवेकवर्धिनी सुरू झाली. प्रेमाला पृथ्वीवर थोडीथोडी जागा मिळू लागली. ना. सी. फडक्यांच्या नायकाला कॉलेजचे आवार मिळाले, मोटार मिळाली, टेनिसचे मैदान मिळाले. मग त्याला विमानाची गरज राहिली नाही. प्रेमकथा जमिनीवर स्थिरावली, आणि मराठीतले आकाश प्रेमिकांवाचून रिकामे झाले.

ते रिकामे आकाश दुसऱ्याच पाहुण्याने व्यापले. या मासिकाच्या वाचकांना कौतुक वाटावे अशी गोष्ट ही, की तो पाहुणा पुण्याच्या वेशीतून आला नाही, तो कोचीनच्या बंदरातून आला. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ साली कोचीन येथे 'केरळ कोकिळ' हे मराठी मासिक सुरू केले. ज्या नगरीत कोंकणी कुटुंबे कित्येक शतके नांदत आली, तेथे हे मासिक उभे राहिले आणि महाराष्ट्रभर वाचले गेले. त्याच मासिकातून १९०० च्या सुमारास फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे रूपांतर क्रमशः प्रसिद्ध झाले. मराठी वाचकाचे पहिले चंद्रयान मराठी मुलखाच्या बाहेरून उडाले, हे परप्रांतात मराठी जपणाऱ्या आम्हां लोकांना थोडे सुखावणारे आहे.

व्हर्नची ती मूळ कादंबरी १८६५ ची. नऊशे फूट लांबीची तोफ, तिच्या गोळ्यात बसलेले तीन प्रवासी, तोफखान्यातल्या मंडळींची टवाळी, पैजा, कुत्री, कोंबड्या असा सगळा खेळकर थाट तीत आहे. नाही ती फक्त स्त्री. तीन पुरुष चंद्राकडे निघतात आणि त्यांतल्या एकालाही मागे कोणाला सोडून आल्याचे दुःख नाही. लूशियनचीच परंपरा ही : थट्टा आहे, प्रेम नाही. व्हर्नने एकदा मात्र थोडी सवलत घेतली. १८७७ सालच्या 'हेक्टर सर्व्हादाक' या कादंबरीत एका विधवेसाठी दोन प्रतिस्पर्धी द्वंद्वयुद्धास उभे राहणार, तोच एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि दोघांनाही सूर्याभोवती दोन वर्षांच्या फेरीवर घेऊन जातो. परत येऊन पाहतात तो बाईंनी तिसऱ्याच गृहस्थाशी लग्न केलेले! सूर्यमालेचा एवढा मोठा फेरा, आणि त्याचा शेवट असा. भा. रा. भागवतांनी ही कथा 'मुक्काम शेंडेनक्षत्र' या नावाने मराठी मुलांच्या हाती दिली. भागवतांचे (१९१०–२००१) ऋण मराठी बालवाचकांवर फार मोठे आहे. व्हर्नचा खेळकरपणा मराठीत आणताना तो जराही परका वाटू नये, याची त्यांना हातोटी होती. परंतु आकाश मुलांच्या कपाटात गेले की शृंगार आपोआप बाहेर राहतो, हेही तितकेच खरे.

त्यानंतरचे वळण विज्ञानप्रसाराचे. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७४ साली तिच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. ते खरे तर जयंत विष्णु नारळीकर होते. आद्याक्षरे उलट करून त्यांनी ते नाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाबाईंच्या हाताने लिहवून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. या टोपणनावाच्या खेळातच केवढा खट्याळ विनोद आहे! पुढे 'यक्षांची देणगी' (१९७९) आणि इतर पुस्तकांनी नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले, तेव्हा या वाङ्मयप्रकाराचा आधारवडच गेला. विज्ञानकथेने वाचकाला विज्ञानाकडे न्यावे, अंधश्रद्धेपासून दूर न्यावे, अशी त्यांची धारणा होती, आणि ती मोलाची होती. तथापि त्यांच्या 'धूमकेतू' या कथेत रात्र रात्र गच्चीवर दुर्बीण घेऊन बसणारा हौशी ज्योतिर्विद आणि त्या दुर्बिणीला सवत मानणारी त्याची पत्नी यांचे जे चित्र आहे, ते वाचताना मनात येते, की हाच धागा त्यांनी आणखी थोडा लांबवावयास हवा होता. ती कथा पृथ्वीवरच्या संभाव्य प्रलयाची. पण वाचकाच्या स्मरणात राहतो तो गच्चीवरचा गारठा आणि घरातली कुरबूर.

मराठीत या दोन धाग्यांची गाठ पडली नाही, याचे कारण मला असे दिसते. आपल्या वाङ्मयाला प्रत्येक पुस्तकाकडून काही तरी काम करून घेण्याची सवय लागली आहे. १९३१ साली हैदराबादेस मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी ज्ञानकोशकार केतकर होते. त्यांच्या स्वतःच्या कादंबऱ्या पाहाव्या. विवाह, जात, परदेशगमन यांविषयीचे विलक्षण धाडसी विचार त्यांत आहेत. परंतु पात्रे प्रेम करता करता मध्येच समाजशास्त्र सांगू लागतात. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादात पुढे एक पिढी खर्ची पडली. प्रेमकथेने समाज सुधारावा आणि आकाशकथेने विज्ञान शिकवावे, अशी कामाची वाटणी झाली. या वाटणीत आकाशातल्या खेळकर प्रेमकथेला खातेच उरले नाही.

इतरत्र तसे झाले नाही. अमेरिकन लेखक एडगर राइस बरोज याने १९१२ साली मंगळावरची राजकन्या निर्माण केली. रशियन लेखक अलेक्सी टॉलस्टॉय याने १९२३ साली आपली 'एलिटा' मंगळावर बसविली. १९३४ साली फ्लॅश गॉर्डनची चित्रमालिका सुरू झाली, आणि पुढे ती इंद्रजाल कॉमिक्सच्या रूपाने आपल्याही घरांत शिरली. दक्षिणेत १९६३ सालच्या 'कलै अरसी' या तमिळ चित्रपटात परग्रहावरचा माणूस नायिकेला पळवून नेतो, कारण त्याच्या ग्रहावर सर्व काही आहे, फक्त गाणे नाही. मनुष्याच्या पायाने चंद्र प्रत्यक्ष शिवला जाण्यापूर्वी दोन वर्षे, १९६७ साली, 'चाँद पर चढाई' या हिंदी चित्रपटात दारासिंगने कुस्ती आणि शृंगार दोन्ही चंद्रावर नेऊन दाखविले. या चित्रपटांतले विज्ञान तपासण्यात अर्थ नाही. प्रेक्षक तिकीट काढीत होता ते कशासाठी, हे पाहण्यात अर्थ आहे.

आणि ही कथा केवळ स्वप्नरंजन करते असेही नाही. लॉइस मॅक्मास्टर बुजोल्ड या अमेरिकन लेखिकेची १९९९ सालची 'अ सिव्हिल कँपेन' ही कादंबरी माझ्या मते या प्रकाराचा उत्तम मासला आहे. घटना घडतात दूरच्या एका ग्रहावर. नायिका विधवा आहे, तिला एक लहान मुलगा आहे. नायक तिला बाग आखण्याचे काम देऊन तिच्या जवळ येऊ पाहतो, एका मेजवानीत सगळा बेत फसतो, किड्यांपासून केलेल्या लोण्याने घरभर गोंधळ माजतो. वाचक हसत असतानाच लक्षात येते, की त्या ग्रहाच्या रूढीप्रमाणे विधवेच्या मुलावर पतीच्या पुरुष नातलगांचा हक्क चालतो, आणि ते लोक मुलाला तिच्यापासून काढून घेण्याची धमकी देत आहेत. शेवटी भर सरदारसभेत ती बाई स्वतःच नायकाला लग्नाची मागणी घालते. विधवेचा पुनर्विवाह, मुलाचे पालकत्व, नातलगांची दहशत हे विषय महाराष्ट्राला नवे नाहीत. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवाविवाह केला, तेव्हा मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले होते. आपल्याकडे ज्या विषयाचे फक्त अश्रू झाले, त्याचे तेथे हसू झाले आहे. आणि त्या हास्यात अन्याय लपलेला नाही, उलट तो अधिक स्पष्ट दिसतो. स्वतःच्या घरातली रूढी आपल्याला नैसर्गिक वाटते. तीच रूढी दुसऱ्या ग्रहावर नेऊन ठेविली की तिचे हास्यास्पद रूप नजरेत भरते. हलकेपणाचे हे सामर्थ्य गंभीर वाङ्मयाला सहसा साधत नाही.

वास्तवाने तर या बाबतीत कल्पनेवर मात केली आहे. १० ऑगस्ट २००३ रोजी रशियन अंतराळवीर यूरी मालेंचेंको आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पृथ्वीभोवती फिरत असताना त्याचा विवाह झाला. वधू एकातेरिना दिमित्रिएव ही अमेरिकेत टेक्सास राज्यात उभी होती. गैरहजर पक्षातर्फे प्रतिनिधी उभा करून लग्न लावण्याची मुभा त्या राज्याच्या कायद्यात होती, म्हणून हे साधले. आम्हां वकिलांना यातून करमणुकीचे बरेच प्रश्न सुचतात. १९६७ च्या अंतराळ कराराप्रमाणे, ज्या देशाच्या दप्तरी यान नोंदलेले असेल त्या देशाचा त्यावर आणि त्यातल्या माणसांवर अधिकार चालतो. तेव्हा भारतीय यानात दोघांनी लग्न करावयाचे ठरविले तर काय? हिंदू विवाह कायद्याप्रमाणे सप्तपदी असेल तेथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. पण जेथे वजनच नाही तेथे पाऊल पडावयाचे कसे? विशेष विवाह कायद्याने जावे, तर दोघांपैकी एकाने तीस दिवस राहिलेल्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते. चंद्र कोणत्या जिल्ह्यात येतो? आणि लग्नात अरुंधती दाखवावयाची, ती तेथे नुसत्या खिडकीतून दिसेल. वसिष्ठाच्या तेजाला बिलगून असलेली ती बारीक तारका नववधूला दाखविण्याची चाल आपल्या पूर्वजांनी घातली, तेव्हा आकाश आणि संसार यांचा संबंध त्यांना उघड मान्य होता, असेच म्हणावे लागेल.

पण याच तीस दिवसांच्या नोटिशीची दुसरी बाजू हसण्यासारखी नाही. ती नोटीस कचेरीत ठळक जागी लावली जाते, आणि कोणालाही हरकत घेण्यास मुदत असते. भिन्न जातीच्या वा भिन्न धर्माच्या दोघा सज्ञान माणसांना ते तीस दिवस कसे काढावे लागतात, हे न्यायालयाच्या आवारात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. गावाकडून माणसे येतील, फोन येतील, मुलीला घरी नेऊन बसवतील, या भीतीने ती दोघे शहरात जागा बदलत राहतात. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट केले, की दोन सज्ञान व्यक्तींनी आपल्या खुषीने विवाह ठरविला तर त्यास कुटुंबाची वा पंचायतीची संमती आवश्यक नाही. ही गोष्ट सांगावी लागली, इतक्या अलीकडे सांगावी लागली, यातच रिसबुडांच्या प्रस्तावनेचे उत्तर आहे. दीडशे वर्षांत जागा वाढली. ती सर्वांना पुरली असे नाही. जोवर कोणा एका मुलीला आपले मन बोलून दाखविण्यासाठी पृथ्वीवर कोपरा सापडत नाही, तोवर ताऱ्यांमधल्या यानातली ती भांडखोर, हसरी नायिका पोरखेळ ठरत नाही. त्या यानात तिला कोणाची परवानगी लागत नाही, हेच वाचणाऱ्या मुलीचे खरे सुख असते.

आणखी एक कारण आम्हां परप्रांतीयांचे. पंडित रामचंद्र शुक्लांसारख्या हिंदीच्या इतिहासकाराने नमूद केले आहे, की देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' वाचावयास मिळावी म्हणून कित्येक उर्दू जाणणारे लोक हिंदी शिकले. तिलिस्म, ऐयार आणि राजकन्येचे प्रेम यांनी त्या भाषेला जे वाचक मिळवून दिले, ते कोणत्याही ठरावाने मिळाले नसते. हैदराबादेत मराठी घरांतली मुले तेलुगू आणि इंग्रजीत शिकतात, मित्रांशी हिंदीत बोलतात. त्यांनी मराठी का वाचावी, याचे उत्तर कर्तव्य हे असू शकते. पण कर्तव्यबुद्धीने कोणी रात्री दिवा लावून पुस्तक पुरे केल्याचे ऐकिवात नाही.

या शहराला आकाशाचे वावडे तर मुळीच नाही. १९०१ साली नवाब जफर जंग यांनी स्थापिलेली आणि पुढे १९०८ साली बेगमपेठेस सरकारी झालेली निजामिया वेधशाळा आमचीच. जगातल्या वेधशाळांनी मिळून आखलेल्या ताऱ्यांच्या नकाशासाठी तिने ७,६३,५४२ ताऱ्यांची स्थाने निश्चित केली. ३ एप्रिल १९८४ रोजी अंतराळात गेलेले राकेश शर्मा येथल्याच निजाम कॉलेजचे विद्यार्थी. आमच्या गौलीगुड्यातले जुने बसस्थानक तर मूळचे विमान ठेवण्याचे पत्र्याचे अर्धगोल छत्र होते. १९३२ साली निजामी राज्याची बससेवा २७ गाड्यांनिशी निघाली तेव्हापासून त्याखाली बसगाड्या उभ्या राहू लागल्या, आणि ५ जुलै २०१८ रोजी ते कोसळेपर्यंत कोणाला त्यात विमानाची आठवण झाली नसेल. वेधशाळेने सात लक्ष तारे मोजले, आणि मोजणे आवश्यकच होते. परंतु त्यांतल्या एखाद्या ताऱ्यावर कोणी कोणाची वाट पाहत आहे, असे सांगणारी एक हसरी गोष्ट आपल्या भाषेत असती, तर त्या सात लक्षांकडे मान वर करून पाहणारी मुले आणखी थोडी वाढली असती. अशी गोष्ट लिहिणाऱ्याने विज्ञान जरूर सांभाळावे, आणि मराठीही शुद्ध लिहावी. मात्र ती लिहिल्याबद्दल त्याने कोणाची क्षमा मागू नये, आणि आपण वाचल्याबद्दल लाजू नये.